नववी ब ला गणिताचे सर मिळाले, त्याची गोष्ट

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववी ब च्या वेळापत्रकात गणिताच्या चौकोनात कुणाचंच नाव नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी तिथं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. त्यांचा फोन आला, म्हणाल्या बाई, आमचे गणिताचे सर ३१ मे ला रिटायर झाले, आता मुलाखती घ्यायच्यात, आमच्याकडं गणिताचं कुणीच नाही मग प्रश्न तरी काय विचारणार, तुम्ही बसा आमच्यासोबत. मी बत्तीस वर्षं माध्यमिकला गणित शिकवलं, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला रात्री झोप लागली नाही. साठ पोरं, नववीचं वर्ष, आणि गणिताच्या तासाला कधी चित्रकलेचे सर तर कधी हिंदीच्या बाई वर्ग सांभाळायला. नववीत बीजगणित सुटलं की दहावीत ते पोर कायमचं सुटतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाहेरच्या लोकांना वाटतं शिक्षक रिटायर झाला की सरकार दुसरा पाठवतं. अनुदानित शाळेत तसं होत नाही. आधी संच मान्यता, म्हणजे पटावर मुलं किती, त्यातली आधारला जुळलेली किती, त्यावर पदं किती ते ठरणार. मग बिंदूनामावली, म्हणजे हे पद कुठल्या प्रवर्गाला जातं ते रोस्टर तपासून आणायचं. मग दुसऱ्या कुठल्या शाळेत अतिरिक्त झालेले शिक्षक असतील तर आधी त्यांचं समायोजन. हे सगळं झालं की सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात, आणि तिथं ज्यांनी टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी दिलीय त्यांनी प्राधान्यक्रम भरायचे. ही चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ ला, दुसरी २०२३ ला, तिसरी २०२५ ला. मधल्या काळात पोरं थांबत नाहीत, ती वरच्या वर्गात जातात.

पोर्टलला माझा विरोध नाही, उलट ते आलं ते चांगलंच झालं. आधी काय चालायचं ते सगळ्यांना माहिती आहे, नोकरी लावायची तर किती भरणार हे आधी विचारलं जायचं आणि फळ्यावर काही लिहून दाखव हे कुणी शेवटीसुद्धा विचारायचं नाही. पण त्या चाचणीत २०० मार्कांचे २०० प्रश्न १२० मिनिटांत, आणि मराठीच्या शिक्षकाला तीच, गणिताच्या शिक्षकाला तीच. कोण किती चटपटीत आहे ते त्यातून कळतं, पण पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर हा माणूस काय करणार हे त्यातून कळत नाही, आणि माझ्या मते गणिताच्या मास्तरची सगळी परीक्षा तिथंच आहे.

तर पद पोर्टलवर जाईल तेव्हा जाईल, तोपर्यंत संस्थेनं स्वतःच्या खर्चानं मानधनावर माणूस घ्यायचं ठरवलं. महिना चौदा हजार. पेपरात छोटी जाहिरात दिली, गणित शिक्षक पाहिजेत, बी.एस्सी. बी.एड., आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर टाकली. अकरा अर्ज आले. त्यातले तीन केमिस्ट्रीवाले, दोघांचं बी.एड. अजून चालू, एक इंजिनिअर मुलगा, गणित झकास, पण बी.एड. नाही म्हणजे शाळेत चालत नाही, त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली पोरं बी.एड. कडं येतात कुठं आता, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, म्हणजे बारावीनंतर पाच वर्षं, शिवाय खालच्या वर्गांसाठी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट, मग पोर्टलची वाट, आणि नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन. ते माध्यमिकला आठ हजार होतं, २०२३ पासून अठरा हजार झालं. एवढं करण्यापेक्षा पोरगा कॉम्प्युटरकडं जातो, बँकेच्या परीक्षा देतो, किंवा सरळ अ‍ॅकॅडमीत शिकवायला लागतो. त्याला नावं ठेवणार कोण.

मुलाखत कशी घ्यायची यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्याकडं एक जुनी दोनशे पानी वही आहे, त्यात मी पोरांच्या चुका उतरवून ठेवलेल्या आहेत, नोकरीच्या तिसऱ्या वर्षापासून. तीनशेच्या वर आहेत. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. शून्य पूर्णांक पंचवीस हे शून्य पूर्णांक सातपेक्षा मोठं, का तर पंचवीस सातापेक्षा मोठे. एकोणऐंशी सांगितलं तर नववीतलं पोरसुद्धा ८९ लिहितं, कारण कानावर ऐंशी पडतं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांना लोक काय काय बोलले, पण ज्यांनी वर्गात ८९ लिहिलेल्या वह्या तपासल्यात त्यांना त्या काय म्हणत होत्या ते कळत होतं. असो, विषय तो नाही.

त्या वहीतल्या चार चुका मी एका कागदावर उतरवल्या आणि खाली एकच प्रश्न लिहिला, या मुलानं काय विचार केला असेल ते लिहा. बरोबर उत्तर लिहा असं म्हटलंच नाही. सोबत दहावीच्या गणिताच्या पुस्तकांतून, भाग १ आणि भाग २ मधून, दहा गणितं, कारण विषय यायला तर हवाच, आणि शेवटी नववी ब वर वीस मिनिटांचा पाठ. सचिव साहेब म्हणाले बाई, चौदा हजारासाठी एवढी परीक्षा? मी म्हटलं साहेब, पगार चौदा हजाराचा असला तरी पोरं साठ आहेत.

मुलाखतीला पाच जण यायचे होते. जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस नुसता कोसळत होता, ऑफिसमधले शिपाईमामा सकाळपासून मोबाईलवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची, म्हणजे पंचगंगेच्या पाण्याची, पातळी बघत होते. एक जण आलेच नाहीत. एका मॅडमनी कागद बघून सरळ सांगितलं की मला सातवीपर्यंतच जमेल. त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं. राहिले तिघं.

पहिले सर राजारामपुरीतल्या एका अ‍ॅकॅडमीत शिकवणारे, वय असेल तिशीचं. दहाच्या दहा गणितं बरोबर, तीही पंचवीस मिनिटांत. वर्गात गेले आणि पाच मिनिटांत वर्ग ताब्यात, आवाज खणखणीत, फळ्यावर अक्षर सुंदर, वर्गसमीकरणाची सहा उदाहरणं धडाधड सोडवली, हे बोर्डाला येतंच, हे चौकटीत लिहा, ही स्टेप लिहिली की एक मार्क. पोरं खूश होती. पण चुकांच्या कागदावर त्यांनी चारही ठिकाणी एकच वाक्य लिहिलं होतं, संकल्पना स्पष्ट नाही. आणि वर्गात एका मुलीनं चुकीचं उत्तर दिलं तेव्हा ते म्हणाले नो, नेक्स्ट, आणि पुढच्या मुलाकडं वळले. ती मुलगी त्यानंतर पाठ संपेपर्यंत वहीत डोकं घालून बसली होती, मी तिच्याकडंच बघत होते.

दुसऱ्या चंदगडकडच्या मॅडम, अगदी पोरगीच, पहाटेच्या एस.टी.नं निघून भिजत आलेली. गणित पक्कं, बोलणं स्वच्छ, चुकांच्या कागदावर तिनं अपूर्णांकाच्या चुकीबद्दल लिहिलं होतं की मुलानं वरच्याची वरच्याशी आणि खालच्याची खालच्याशी बेरीज केली, त्याला अपूर्णांक म्हणजे दोन वेगळे आकडे वाटतात. मला एकदम आवडली. पण तिनंच सांगितलं, मॅडम, मी २०२५ ची टेट दिलीय, मार्क चांगले आहेत, पोर्टलला नाव लागलं की मला जावं लागेल, तुम्हाला नंतर अडचण नको म्हणून आधीच सांगते. खरं बोलली. वर्षाच्या मध्येच गणिताचा शिक्षक बदलणं म्हणजे पोरांचे परत हाल. लागू दे तिचं नाव, जिथं जाईल तिथल्या पोरांचं भलं होईल.

आणि तिसरे सर. वय चाळीस, शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला. एम.एस्सी. गणित, बी.एड. २०११ चं. मी विचारलं मग इतकी वर्षं? म्हणाले मॅडम, बी.एड. झालं आणि पुढच्याच वर्षी, २०१२ ला, भरती बंद झाली. आज निघेल उद्या निघेल म्हणत थांबलो, एका ठिकाणी विचारायला गेलो तर त्यांनी आकडा सांगितला, तेवढे घरात नव्हते, मग लग्न झालं, फाउंड्री धरली. टेट दोनदा दिली, तेवढ्या स्पीडनं आता होत नाही. हे सांगताना आवाजात कसलीच तक्रार नव्हती, आणि मला मात्र गळा दाटून आल्यासारखं झालं, कारण असे किती जण मला माहिती आहेत, माझ्याच हाताखाली शिकलेले, कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी साखर कारखान्यात काट्यावर.

दहातली सात गणितं बरोबर आली. त्रिकोणमितीचं एक अर्धवट, संभाव्यतेची दोन चुकली. पण चुकांच्या कागदाला जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं होतं. शून्य पूर्णांक पंचवीसच्या चुकीबद्दल लिहिलं होतं की हा मुलगा दशांश चिन्हाच्या पुढचं पैशासारखं किंवा साध्या संख्येसारखं वाचतो, त्याला मोजपट्टी हातात द्यावी. मी विचारलं गणितातलं तुम्हाला आवडतं असं काहीतरी सांगा. बाकीच्यांना पण विचारलं होतं, दोघांनीही धड्याचं नाव सांगितलं. हे म्हणाले गणितज्ञ कापरेकरांचा ६१७४, जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या कागदावर करत बसतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक मोठ्याकडून लहानाकडं लावा, मग लहानाकडून मोठ्याकडं लावा, वजा करा, परत तेच करा. समोरच्या कागदावर ३५२४ लिहून करून दाखवलं, ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. आणि म्हणाले, कापरेकर देवळालीला शाळेतच मास्तर होते मॅडम. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मी मान खाली घातली.

मग नववी ब. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण मला हे विसरायचं नाहीय.

फळ्यावर त्यांनी हातानंच काटकोन त्रिकोण काढला, दोन बाजूंना ३ आणि ४ लिहिलं, कर्ण किती विचारलं. पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात लगेच वर. तिला थांब हं बाळा म्हणाले आणि खिडकीजवळच्या, मघापासून बाहेर बघत बसलेल्या पोराला उठवलं. तो म्हणाला सात. वर्ग हसला. सर हसले नाहीत, नाही चूक असंही म्हणाले नाहीत, म्हणाले कसं काढलास सांग, मी फळ्यावर लिहितो. पोरगं सांगायला लागलं, तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, मग वर्गमूळ, नऊचं तीन, सोळाचं चार, तीन आणि चार सात. सरांनी तो सांगेल तसं ओळीनं सगळं लिहिलं. मग म्हणाले बघा, यानं वर्ग बरोबर काढले, मुळं बरोबर काढली, बेरीज पण बरोबर केली, आता सात खरं आहे का ते बघायला पाहिजे, चल खिडकीत ये.

खिडकीतून मैदान दिसतं. पावसानं गवत वाढलंय आणि त्यात गेटपासून पलीकडच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळापर्यंत पोरांच्या पायांनी पडलेली तिरकी पायवाट, तेवढाच चिखलाचा पट्टा. मी त्या शाळेत कितीदा गेले असेन, माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

गेटवरनं नळाकडं कसं जाता रे?

तिरकंच जातोय की सर.

भिंतीच्या कडेनं का जात नाही?

जवळ पडतंय.

बरं. भिंतीच्या कडेनं गेलं तर आधी तीन आणि मग चार, किती झालं?

सात.

आणि तिरकं गेल्यावर तू किती म्हणालास?

पोरगं गप्प झालं. सगळा वर्ग गप्प, पावसाचा आवाज तेवढा येत होता. सर पण काही बोलले नाहीत, आणि मला वाटतं अर्धं मिनिट तरी गेलं असेल, मुलाखतीच्या पाठात अर्धं मिनिट गप्प उभं राहायला काय लागतं ते शिकवणाऱ्यालाच कळेल. मग तो पोरगा खिडकीतूनच म्हणाला, सर, सात याय नको, सातपेक्षा कमी याय पायजे. आणि वळून फळ्याकडं बघत म्हणाला, आधी बेरीज करायची व्हय, मग मूळ? नऊ नि सोळा पंचवीस, पाच! कुणी न सांगता. पहिल्या बाकावरच्या मुलीनं पण परत वहीत काहीतरी लिहिलं. तिला पाच माहिती होतं, पण सात का नाही ते तिनं पण आत्ताच बघितलं होतं.

वीस मिनिटं संपली. गणित एकच झालं होतं.

ऑफिसमध्ये चहा आला तेव्हा सचिव साहेबांनी पहिलं तेच काढलं, अहो बाई, त्यांनी सहा गणितं घेतली, यांनी एक, पोर्शन कसा पुरा होणार? आणि अ‍ॅकॅडमीवाल्यांचे दहाच्या दहा, यांचे सात. त्यांचं म्हणणं मी खोटं कसं म्हणू. दहावीला बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०, पालक त्यावरच शाळा बघतात, निकाल घसरला की पट घसरतो, पट घसरला की संच मान्यतेत पदं जातात, सचिवांनी निकालाची काळजी केली तर त्यात चूक काही नाही. मी एवढंच म्हटलं, की ज्यांना येतंय त्यांना कुठलेही सर चालतील, पहिल्या दोन रांगांना तर पुस्तक पुरतं. या वर्गात खिडकीजवळ बसणारी चाळीस आहेत. ती पोरं क्लासला जात नाहीत, काही तर सकाळी पेपर टाकून शाळेत येतात, त्यांना गणित भेटणार ते याच तासाला. त्यांच्या चुकीत कुणी लक्ष घातलं नाही तर आठवीपासून दहावीपर्यंत ती तीच चूक करत राहणार, आणि आपण पेपरावर फुली मारत राहणार. त्रिकोणमिती आणि संभाव्यता मी सरांकडून करून घेते, ते चार रविवारांचं काम आहे. पोर चुकल्यावर थांबायचं कसं ते मी चार वर्षांत पण कुणाला शिकवू शकले नाही, दोन-तीन नवीन शिक्षकांवर प्रयत्न करून बघितलेत.

मुख्याध्यापिका बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, मघाशी तो पोरगा जूनपासून पहिल्यांदा उभा राहिला. त्यावर मग कुणी फार बोललं नाही.

पण खरी अडचण पुढं होती. फाउंड्रीत सरांना ओव्हरटाइम धरून बावीस हजार मिळतात आणि आम्ही देणार चौदा, तेही पोर्टलवरून माणूस येईपर्यंत. घरी दोन लहान पोरं. दोन दिवस मागितले. मी कोण सांगणार या म्हणून, कुठल्या तोंडानं सांगणार. संस्थेच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच जरा आवाज चढवला, म्हटलं गॅदरिंगच्या मंडपाला आपण किती घालतो ते एकदा बघा. शेवटी सतरा झाले. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, मॅडम, घरात बोललोय, मिसेस म्हणाली या वर्षी तरी जावा, नाहीतर जन्मभर डब्याच्या कागदावर गणितं करत बसाल. फाउंड्रीच्या मालकांनी पण सुट्टीच्या दिवशी काम देतो म्हणून सांगितलंय म्हणे.

एक ऑगस्टला हजर झाले. वेळापत्रकातलं प्रश्नचिन्ह बाईंनी खोडलं, पेनानं नाव लिहिलं. पहिल्याच आठवड्यात नववी ब ला टेप घेऊन मैदानात नेलं, भिंतीच्या कडेनं एक बाजू २७ मीटर, दुसरी ३६, म्हणजे तिरकं यायला पाहिजे ४५. पोरांनी पायवाटेवरून टेप धरला तर आलं साडेशेहेचाळीस. सर, पायथागोरस चुकला! म्हणून एकच ओरडा. मग कळलं मध्ये बदामाचं झाड आहे, पायवाट त्याला वळसा घालून जाते. दोरी सरळ ताणायची तर झाडाच्या आरपार कशी न्यायची, यावर अजून त्यांचा वाद चालू आहे.

पद रोस्टरला अडकलंय, पोर्टलवर कधी जाईल ते बाईंना पण माहिती नाही, त्या दर सोमवारी ऑफिसला फोन करतात. त्रिकोणमितीचे दोन रविवार झाले, सरांना आता उन्नत कोन आणि अवनत कोन नीट येतंय, मात्र आकृती काढताना अजून घाई करतात, ते मी सांगितलंय. या रविवारी संभाव्यता. नाणी आणि फासे सर आणणार आहेत, पत्त्यांचा कॅट माझ्याकडं आहे.